पार्टनर म्हणे!

आज दुपारी लोअर परळला ऑफिसात जेवण मागवलं. डिलिव्हरीचा पोरगा घामाघूम होऊन आला. वॉचमनने मेन लिफ्टने सोडलं नाही आणि सर्व्हिस लिफ्टला ही रांग! आणि वर म्हणतो, "दादा, रेटिंग तेवढं द्या."

डिलिव्हरी कंपनीच्या लेखी हा कामगार नाही, 'पार्टनर'. म्हणजे पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, पेट्रोल स्वतःच्या खिशातून. (नफ्यात मात्र पार्टनर नाही हं.) २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार (म्हणजे असे पगाराविना, कामागणिक पैसे मिळणारे) आले, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के त्यांच्या सामाजिक सुरक्षेच्या निधीत भरायचे. लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला! किमान वेतनाची हमी त्यातही नाहीच. १९८२ च्या संपातले गिरणी कामगार निदान गेटवर एकमेकांना भेटायचे. ह्यांनी युनियन करायची ती कुठल्या सिग्नलला?