बरोबरचं बटण

इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घरातलं कपाट आवरताना काकांचा एचपी-१२सी सापडला. १९८१ पासून निघणारा, आडवा, सोनेरी पट्टीचा कॅल्क्युलेटर. काका सीए. तो उसना द्यायला ते कधी कां-कूं करत नसत, कारण नेणारा पाच मिनिटांत परत यायचा. "काकाजी, इसमें तो बराबर का बटन ही नी है!"

नाहीच ते. दोन, एंटर, तीन, अधिक. पाच हजर. मग चार, गुणिले. वीस. कंसबिंस काही नाही. आकडे एकावर एक रचले जातात. क्रिया आली की वरचे दोन उचलते आणि उत्तर तिथेच ठेवते. जागा मात्र चारच. पाचवा आला की सगळ्यात खालचा गुपचूप नाहीसा.

सध्या हौसेनं फोर्थ शिकतोय. चार्ल्स मूर यांची ही संगणकाची भाषा १९७० च्या सुमाराची, अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेची दुर्बीण चालवलेली. तिथेही हीच रचारची. 'डुप' म्हटलं की वरच्याला जोडीदार, 'स्वॅप' म्हटलं की वरच्या दोघांची अदलाबदल. लुकासिएविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञानं क्रिया आधी लिहायची पद्धत काढली होती. इथे ती शेवटी, म्हणून या पद्धतीला म्हणतात उलटी पोलिश.

उलटी कसली? "दोनात तीन मिळव, त्याला चारनं गुण." आमचं क्रियापद शेवटीच येतं. आजीचं तर फारच शेवटी. "त्या फडताळातली, वरच्या डब्यातली, तो नव्हे रे, निळ्या डब्यातली सुंठ…" म्हणून ती थांबायची आणि आम्ही सगळं डोक्यात धरून ताटकळत उभे. आणू? कुटू? टाकून देऊ?

तिच्या हातात सगळ्यात मागे सोन्याची एक बांगडी, पुढे काचेच्या आठ. मागची काढायची तर आधी आठही उतरवायच्या. तसं मी एकदाच पाहिलं. दुपारचा सराफा, खाऊच्या गाड्या लागायला अजून अवकाश, म्हणून मी फुरंगटलेला. गादीवर तिनं एकेक हिरवी बांगडी मांडली. मग हात पुढे करून म्हणाली, "ही मागची…"

क्रियापद आलंच नाही. सराफानं तराजू ओढला.

आठही बांगड्या तिनं पुन्हा चढवल्या. शेवटी उतरवलेली आधी.