सभासदांच्या पैशानं बांधलेल्या कमानी

आमच्याकडं बार्सिलोनाला कुणी आलं की पहिले दोन दिवस गाउदीचे, म्हणजे इथल्या प्रसिद्ध आर्किटेक्टच्या इमारती बघायचे, हे ठरलेलंच. अण्णा जुलैमध्ये आले, खरड छाटणीनंतरची मोठी कामं उरकून, तेव्हा मी त्यांनाही त्याचं साग्रादा फामिलिया हे चर्च दाखवलं. त्यांनी मान वर करून नीट बघितलं, भारी आहे म्हणाले, आणि बाहेर येऊन बाकावर बसल्यावर विचारलं, "हितं द्राक्षाच्या बागा कुठं हायत रं?" आमची तासगावला बाग आहे, आयुष्य त्यातच गेलं त्यांचं, त्यामुळं प्रश्न बरोबरच होता. मग मी सरळ गाडी भाड्यानं घेतली आणि त्यांना तेरा आल्ता भागात नेलं, एल पिनेय दे ब्राय नावाच्या गावी. अडीच तासांचा रस्ता, वस्ती जेमतेम हजारभर माणसांची. पण वाईन बनवायची अशी इमारत तिथं उभी आहे की गेली चार वर्षं मी भेटेल त्याला तिच्याबद्दल सांगतोय.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण त्याशिवाय ही इमारत कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा म्हणून एक बारीक किडा अमेरिकेतून युरोपात आला, द्राक्षवेलीच्या मुळांवर जगणारा, त्यानं फ्रान्सच्या बागा खाल्ल्या आणि १८७९ ला तो कॅटलोनियात, म्हणजे स्पेनच्या या बार्सिलोनाच्या भागात शिरला. पुढच्या वीसेक वर्षांत इथल्या बहुतेक सगळ्या बागा गेल्या. उपाय सापडला तोही अमेरिकेचाच, तिथल्या रानवेलींच्या मुळांना हा किडा फारसं काही करू शकत नाही म्हणून खुंट अमेरिकन लावायचा आणि वर कलम आपल्या जातीचं करायचं. हे मी अण्णांना गाडीत सांगत होतो तर ते म्हणाले, "म्हंजे आपल्या डॉगरिजसारखंच की." हो, अगदी तसंच, डॉगरिजसुद्धा मुळातला अमेरिकन खुंटच आहे. आपल्याकडं तो खारं पाणी आणि दुष्काळ यांच्यासाठी घेतला, यांनी किड्यासाठी, एवढाच फरक.

तर बागा नव्यानं लावायला पैसा लागला, छोट्या शेतकऱ्याकडं तो नव्हता, व्यापारी सांगेल त्या भावाला माल द्यायचा हेच चाललेलं. त्यातून सोसायट्या उभ्या राहिल्या. १९०६ ला स्पेनमध्ये शेतकरी संघांचा कायदा झाला, त्यांना करात सवलत मिळाली, मग १९१४ ला मांकोमुनितात हे कॅटलान प्रांतांचं एकत्रित सरकार आलं आणि त्यानंही सहकाराला बळ दिलं. गावोगाव शेतकरी एकत्र येऊन म्हणायला लागले की आपली द्राक्षं आपणच गाळू, वाईन आपणच साठवू आणि भाव आला की विकू. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला सहकार म्हणजे काय हे समजवावं लागत नाही! अण्णांनी फक्त एवढंच विचारलं की शेअर किती रुपयाचा होता, आणि ते मला सांगता आलं नाही.

आता या सोसायट्यांना इमारती बांधून द्यायला जो माणूस मिळाला त्याचं नाव सेझार मार्तिनेय. जन्म १८८८, वाय्स गावचा, १९१६ ला आर्किटेक्ट झाला, गाउदीच्या जवळच्या शिष्यांपैकी एक. तिशीतला पोरगा, आणि त्यानं साधारण १९१८ ते १९२४ एवढ्या काळात चाळीसेक शेतीच्या इमारती उभ्या केल्या, वाईनघरं, तेलाचे घाणे, गोदामं. रोकाफोर्त दे केराल्त, नुयेस, फालसेत, गांदेसा, पिनेय, अशी गावंच्या गावं. यांना वाईनची कॅथेड्रल म्हणतात, तो शब्द कवी-नाटककार आंजेल गिमेराचा असं मानतात. मला स्वतःला तो शब्द पूर्ण पटत नाही. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, आणि हे सभासदांचं आहे.

पिनेयला गावात शिरताना लांबूनच दिसतं, खाली दगड, वर वीट, उंच खिडक्या. पण खरं बघायचं आत गेल्यावर. आत एकामागं एक विटांच्या कमानी आहेत, नुसत्या विटांच्या, जमिनीपासून निघून वर जाऊन परत खाली येणाऱ्या, अर्धवर्तुळ नाही तर उभट, खेचल्यासारख्या. अण्णा मधोमध थांबले आणि वर बघत बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "लाकडाची कैची न्हाई लावली व्हय रं कुठं?"

कैची म्हणजे छत पेलणारा लाकडी सांगाडा. हाच तर मुद्दा आहे आणि तो त्यांनी एका मिनिटात पकडला. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, मोठ्या लांबीचं लाकूड आणि लोखंड महाग, सोसायटीच्या हातात पैसा मोजका, आणि जागा तर हवी प्रचंड, मधे खांब नको कारण टाक्या बसवायच्या. मग मार्तिनेयनं वीट घेतली, जी स्वस्त होती आणि जी बांधणारे गवंडी जवळच होते, आणि कमानीला असा आकार दिला की सगळं वजन विटेला दाबत खाली जातं, कुठंच ताण येत नाही. हा आकार समजवायला मी खिशातली चार्जरची वायर काढली, एक टोक अण्णांच्या हातात दिलं, एक माझ्या, मधे ती सैल सोडली. वायर स्वतःच्या वजनानं जशी लोंबते ना, ती रेघ उलटी केली की ही कमान. लोंबताना नुसता ताण असतो, उलटं केलं की नुसता दाब, आणि दाब सोसणं हे विटेचं कामच आहे. गाउदी दोऱ्यांना वजनाच्या पिशव्या टांगून हेच करायचा. अण्णांनी वायर दोनदा सैल केली, परत ताणली, आणि वर बघितलं. मग मोठ्या कमानीच्या खांद्यावरच्या त्या छोट्या छोट्या कमानी दाखवल्या मला, म्हणाले तिथं भरीव बांधलं असतं तर वीटही गेली असती आणि वजनही वाढलं असतं. ते मी चार वर्षांत नीट बघितलं नव्हतं.

टाक्यांचंही तसंच. द्राक्षाचा रस आंबताना गरम होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो हवेपेक्षा जड, खालीच साठतो, माणूस गुदमरून मरू शकतो. म्हणून वायुवीजनावर त्यानं फार विचार केलाय, उंचावर खिडक्या, खालीही हवेला वाट, टाक्या एकमेकींना चिकटवायच्या नाहीत म्हणजे मधून हवा खेळते आणि एकीला तडा गेला तरी दुसरीला धक्का नाही. आर्किटेक्टनं शेतकऱ्याच्या कामाचा एवढा अभ्यास केलेला मी क्वचितच बघितलाय.

आता टाइल्सची गोष्ट, जिच्यासाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर रंगीत टाइल्सचा एक लांबलचक पट्टा आहे, चित्रकार शाविएर नुगेसनं काढलेला. द्राक्षतोडणी, रस गाळणं, तेल काढणं, शिकारी, पिऊन झिंगलेली माणसं, सगळं गावातलंच. इमारत उभी राहिली १९२० च्या आसपास. आणि हा पट्टा भिंतीवर चढला १९४९ ला! खर्चाच्या अडचणीपायी तो लावायचाच राहिला. मधल्या काळात काय काय झालं बघा, हुकूमशाही आली, प्रजासत्ताक आलं, यादवी युद्ध आलं, आणि त्या युद्धातली सगळ्यात मोठी लढाई, एब्रो नदीवरची, २५ जुलै ते १६ नोव्हेंबर १९३८, ती याच टापूत झाली. पिनेयच्या डोक्यावरचा पांदोल्सचा डोंगर तर प्रत्यक्ष आघाडीच होती. शेजारचं कोर्बेरा गाव बॉम्बनी इतकं उद्ध्वस्त झालं की जुनी वस्ती आजही तशीच पडक्या अवस्थेत ठेवलीय, आम्ही जाताना तिथं थांबलो होतो आणि त्या रिकाम्या भिंतींमधून फिरताना आम्ही दोघंही गप्प होतो.

त्यानंतर, एवढं सगळं होऊन गेल्यावर, देशात खायची मारामार असताना, या गावानं ती चित्रं भिंतीवर लावली. नुगेस १९४१ लाच वारला, त्याला ती लागलेली दिसलीच नाहीत. मार्तिनेय मात्र १९७३ पर्यंत होता.

याचा मी फार विचार केलाय. आपण सहज म्हणतो की शेतकऱ्याला सुंदर गोष्टींचं काय, त्याला उपयोग कळतो. मला ते साफ चूक वाटतं. या माणसांनी अडचणीत टाइल्स बाजूला ठेवल्या पण कमान बेढब होऊ दिली नाही. आणि टाइल्ससुद्धा सोडून दिल्या नाहीत, तीस वर्षांनी का होईना लावल्याच. आपल्याकडंही सहकारातून केवढ्या इमारती उभ्या राहिल्या, त्यातली एखादी तरी अशी बांधून घेता आली असती असं मला तिथं उभं राहून फार वाटलं.

परत येताना गांदेसाचं वाईनघरही बघितलं, तेही मार्तिनेयचंच, १९१९ चं. तिथं छतच विटांचं, पातळ विटा आडव्या निजवून केलेल्या कॅटलान कमानींचं, वेगवेगळ्या उंचीवर, मधल्या फटींतून उजेड आत येतो. ही रीत बघण्यासारखी आहे. पहिल्या थराला झटकन धरणारं प्लास्टर लावतात, गवंडी वीट जागेवर दाबून थोडा वेळ नुसता हातानं धरतो, ती चिकटली की पुढची. खाली सेंट्रिंग जवळजवळ लागतच नाही. पहिला थर धरला की त्यावर सिमेंटमध्ये दुसरा, सांध्यावर सांधा येऊ न देता. सगळं मिळून छताची जाडी वीतभरसुद्धा नाही, आणि शंभर वर्षं झाली.

बाहेर जुनी बाग होती, पांढऱ्या गार्नाचा या द्राक्षाच्या जातीची, मांडव नाही, तार नाही, बुटकी झाडं स्वतःच्या पायावर उभी, घड अजून कच्चे, हिरवे. अण्णांनी वाकून एका झाडाचा कलमाचा जोड शोधला, बोटानं चाचपला आणि मला बोलावून दाखवला. दुकानातून त्यांनी वाईन नाही, ऑलिव्हच्या तेलाचा डबा घेतला.

रात्री घरी आल्यावर बघतो तर फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून ते व्हॉइस मेसेज पाठवत होते, आमच्या गावच्या गवंड्याला. आधी छताचे सहा फोटो पाठवले होते. "बघ, खाली सेंट्रिंग न्हाई. वीट आडवी निजवलीय. बेदाण्याच्या शेडला आपल्याला जमंल का, मी आलो की बोलू."