तुम्ही विचारलंत म्हणून: बायबल शब्दशः की सोयीपुरतं?

प्रश्न ठरलेला असतो. “तुम्ही कॅथलिक लोक बायबल शब्दशः मानता का? मानत नसाल, तर सोयीचं तेवढं घेता, असंच ना?” विचारणारे कधी दुसऱ्या पंथाचे ख्रिस्ती असतात, कधी नास्तिक, कधी दर रविवारी मिस्सेला येणारे आपलेच लोक. सगळ्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच हवं असतं. मधलं काही बोलायला तोंड उघडलं की ‘पळवाट’ हा शेरा तयारच. म्हणून एकदाच, सविस्तर.

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे, उत्पत्तीचे, पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात झाडं तिसऱ्या दिवशी येतात, सूर्य चौथ्या दिवशी, आणि माणूस सर्वांत शेवटी, स्त्री-पुरुष एकदमच. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनानंतर क्रमच वेगळा: आधी पुरुष, मग बाग, मग प्राणी, शेवटी स्त्री. नोहाच्या कथेतही सहाव्या अध्यायात प्रत्येक प्राण्याची एक जोडी तारवात घ्यायची आहे, सातव्यात शुद्ध प्राणी सात-सात. ज्यांनी हे लेखन गुंफलं त्यांना हा फरक दिसला नसेल, असं मला तरी वाटत नाही. त्यांनी दोन्ही ठेवलं. आता शब्दशः मानायचं तर कुठला अध्याय शब्दशः, हे आधी ठरवा. ते ठरवायला बसलात की अर्थ लावणं तुम्हीही सुरू केलंत.

ख्रिस्तसभेचा, म्हणजे कॅथलिक चर्चचा, बायबल वाचण्याचा नियम लपवलेला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेच्या, ‘देई व्हर्बुम’ (देवाचा शब्द) या 1965 च्या दस्तऐवजात बाराव्या परिच्छेदात तो आहे. आधी लेखकाला काय सांगायचं होतं ते शोधा, आणि त्यासाठी तो इतिहास लिहितोय, काव्य लिहितोय की भविष्यवाणी, हे ओळखा. मग तीन कसोट्या: ते वचन संपूर्ण शास्त्राशी जुळतं का, ख्रिस्तसभेच्या जिवंत परंपरेत ते कसं वाचलं गेलं, आणि श्रद्धेच्या इतर सत्यांशी त्याचा मेळ बसतो का. पहिली पायरी गाळून थेट या कसोट्यांवर उडी मारणारे खूप. भक्तिपर पुस्तकांत तर हा रोगच आहे.

हाताने करून बघायचं असेल तर मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकलण्याचा प्रसंग घ्या. मत्तय 21, मार्क 11, लूक 19 आणि योहान 2 या चार ठिकाणी खुणा घाला. पहिल्या तिघांत तो येशूच्या अखेरच्या दिवसांत येतो, योहानात अगदी सुरुवातीला. इथे घाबरून ‘दोनदा घडलं असेल’ म्हणायची घाई करू नका. शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची ही चार पुस्तकं, तीन टप्प्यांत घडली, हे ख्रिस्तसभेने 1964 मध्ये स्पष्ट मांडलं आहे: येशूचे शब्द नि कृती, मग प्रेषितांची घोषणा, मग लेखकांनी आपापल्या वाचकांसाठी केलेली निवड आणि मांडणी. म्हणजे प्रसंगाची जागा हाही लेखकाच्या सांगण्याचा भाग.

आता मार्क नीट बघा. त्याने हा प्रसंग अंजिराच्या झाडाच्या कथेत मधोमध बसवलाय: झाडाला शाप, मंदिर, मग वाळलेलं झाड. पानं आहेत पण फळ नाही, हा निवाडा झाडापुरता नाही. मग तळटीप बघा. येशू जे उद्धृत करतो ते यशया 56 आणि यिर्मया 7 मधलं आहे. यिर्मयाचा तो अध्याय पूर्ण वाचला की ‘लुटारूंची गुहा’ म्हणजे नुसती भावातली फसवणूक नव्हे, हे कळतं. लुटारू गुहेत लूट करत नाहीत, लूट करून लपायला येतात. योहान वेगळीकडे नेतो. त्याच्याकडे मंदिर म्हणजे शेवटी येशूचं शरीर. आणि येशूच्या हातातला दोऱ्यांचा चाबूक फक्त योहानात आहे. आपल्या रागाला आधार म्हणून तेवढाच उचलणारे बाकीची तीन शुभवर्तमानं उघडत नाहीत.

तळटिपांवर एवढा भर का? कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, कलम 825 नुसार लोकभाषेतलं कॅथलिक बायबल मान्यतेशिवाय आणि पुरेशा स्पष्टीकरणांशिवाय छापता येत नाही. त्या टिपा सजावटीच्या नाहीत. मोबाईलवर टिपांविना नुसतं वचन वाचलं की निम्मा आधार गेला. आणि पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. निर्गमच्या 25 व्या अध्यायानंतर निवासमंडपाची मापं लागतात, पुढे लेवीयमध्ये भलेभले पुस्तक मिटतात. मार्कचे 16 अध्याय आधी, मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये. डोळे मिटून पान उघडून ‘देवाचा आजचा संदेश’ शोधणं याला वाचन म्हणत नाहीत.

“पण अर्थ शेवटी पोपच ठरवणार ना?” हा पोटप्रश्न. अधिकृत अर्थ सांगण्याचा अधिकार ख्रिस्तसभेच्या गुरुजनांकडे, म्हणजे पोप आणि बिशपांकडे, आहे, हे खरं. पण हा अधिकार देवाच्या शब्दाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे, हे ‘देई व्हर्बुम’च्याच दहाव्या परिच्छेदात आहे. आणि अधिकाराने अर्थ पक्का केलेली वचनं थोडीच आहेत, हे खुद्द पोप बारावे पायस 1943 मध्ये लिहून गेले. बाकी सगळं मैदान अभ्यासकांना आणि वाचकांना मोकळं.

मोकळं, हे आज म्हणणं सोपं आहे. ‘सोयीपुरतं’ हा शब्द मला ज्यामुळे झोंबतो तो भाग इथे येतो.

मारी-जोझेफ लाग्रांज हे डॉमिनिकन संघाचे फ्रेंच धर्मगुरू. 1890 मध्ये त्यांनी जेरुसलेमला बायबल अभ्यासाची शाळा सुरू केली. पुस्तकांसोबत ती भूमी, तिथले शिलालेख, भाषा, उत्खनन असा तिचा अभ्यासक्रम. 1897 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर्गच्या परिषदेत त्यांनी मांडलं की मोशेची म्हणवणारी पहिली पाच पुस्तकं वेगवेगळ्या स्रोतांतून घडली आहेत, आणि त्याने श्रद्धेला धक्का बसत नाही. रोमला ते रुचलं नाही. 1906 मध्ये परमगुरूंच्या बायबल आयोगाने निर्णय दिला: पाच पुस्तकं मोशेची नाहीत म्हणण्याइतके पुरावे भक्कम नाहीत. मोशेने जुनी साधनं किंवा लेखनिक वापरले असतील, इतकीच सूट. लाग्रांज यांचं उत्पत्तीवरचं भाष्य तयार होतं, ते प्रकाशित करायला परवानगी मिळाली नाही. ते जुना करार सोडून शुभवर्तमानांकडे वळले. 1912 मध्ये त्यांचं लेखन धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरींत वापरायला मनाई झाली आणि त्यांना जेरुसलेम सोडून फ्रान्सला जावं लागलं. पुढच्या वर्षी ते परत आले. त्यांनी आज्ञा पाळली, बंड केलं नाही, चर्च सोडलं नाही, अभ्यासही सोडला नाही. 1938 मध्ये ते वारले. 1943 च्या 30 सप्टेंबरला, संत जेरोमच्या सणादिवशी, बाराव्या पायस यांचं परिपत्रक निघालं: मूळ भाषा शिका, इतिहास आणि पुरातत्त्वाची मदत घ्या, प्राचीन पूर्वेकडील लोकांच्या लेखनशैली ओळखा. जे करतो म्हणून एका माणसाला गप्प केलं, तेच त्याच्या मरणानंतर पाच वर्षांनी अभ्यासकांचं कर्तव्य ठरलं.

तेवढ्यानेही मिटलं नाही. 1962 च्या नोव्हेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन महासभेपुढे याच विषयावर आलेला पहिला मसुदा पुन्हा जुन्या वळणाचा होता. 20 तारखेला मतदान झालं: चर्चा थांबवा म्हणणारे 1368, चालू ठेवा म्हणणारे 822. थांबवायला दोन-तृतीयांश मतं हवी होती, 105 कमी पडली. म्हणजे बहुमताला नको असलेला मसुदा नियमाने जिवंत राहिला. दुसऱ्या दिवशी पोप तेविसावे जॉन यांनी हस्तक्षेप करून तो मागे घेतला. तीन वर्षांनी, 18 नोव्हेंबर 1965 ला, नवा दस्तऐवज 2344 विरुद्ध 6 मतांनी मंजूर झाला. आज मी ज्या बाराव्या परिच्छेदाचा हवाला बिनदिक्कत देतो, त्याच्यामागे हे सगळं आहे. याला सोय म्हणत असाल तर फार महाग सोय.

ख्रिस्तसभा यात निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. आज्ञापालनामुळे लाग्रांज थोर ठरले, पण त्यामुळे मनाई बरोबर ठरत नाही. कोणी म्हणतात, त्या काळी सावधगिरी गरजेची होती. असेल. त्याची किंमत मात्र सावध राहणाऱ्यांनी दिली नाही.

आणि आता तुमच्या बाजूने. पूर्वी माझं उत्तर चार शब्दांचं असे: बायबल विज्ञानाचं पुस्तक नाही. ते आजही खोटं वाटत नाही, पण ते उत्पत्तीपुरतं पुरतं. जुन्या करारातल्या 1 शमुवेल या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायापुढे ते निकामी आहे. तिथे देवाच्या नावाने शौल राजाला हुकूम आहे: अमालेकी लोकांचा समूळ नाश कर, पुरुष, स्त्रिया, मुलं, तान्ही बाळं, गुरं. प्रश्न विज्ञानाचा नाहीच.

उत्तरं मला माहीत आहेत. जुन्या करारात अपूर्ण आणि तात्पुरतं असंही काही आहे, हे ‘देई व्हर्बुम’ स्वतः मान्य करतं. युद्धवर्णनात अतिशयोक्तीची तेव्हा रीत होती. समूळ नष्ट झालेले अमालेकी त्याच पुस्तकाच्या 30 व्या अध्यायात पुन्हा धाड घालतात, यावरून ते दिसतंच. ओरिजेनसारखे प्राचीन आचार्य असल्या लढाया आपल्या पापांशी लढाई म्हणून वाचत. पण मेलेले कमी होते म्हणून हुकूम बदलत नाही. आणि ओरिजेनचा अर्थ पुढे केला की मी वर ज्यांना नावं ठेवली त्यांच्यासारखीच पहिली पायरी गाळतो.

शिवाय गाळण्याबद्दल बोलायचं तर उपासनेतही गाळलेलं आहे. धर्मगुरू आणि व्रतस्थ रोज म्हणतात त्या प्रहरप्रार्थनेतून, महासभेनंतरच्या सुधारणेत, स्तोत्र 58, 83 आणि 109 ही तीन शापवाणीची स्तोत्रं पूर्ण काढली. बाबेलच्या नद्यांकाठचं 137 वं स्तोत्र सहाव्या वचनावर थांबतं. बाळांना खडकावर आपटण्याचं नववं वचन कोणी म्हणत नाही. प्रार्थना म्हणून ते ओठांवर येऊ नये, हे मला पटतं. पण याला सोय म्हणालात तर माझ्याकडे जोरकस प्रतिवाद नाही.

शमुवेलचा तो अध्याय मिस्सेत येतो. सम वर्षांत, चर्चच्या उपासना-वर्षातल्या ‘सामान्य काळा’च्या दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी, 16 ते 23 वचनं. तान्ह्या बाळांचं तिसरं वचन त्यात नाही. अठरावं आहे, त्यात ‘नाश कर’ एवढं ऐकू येतं. प्रवचन करायचं तर 22 वं वचन हाताशीच आहे, यज्ञापेक्षा आज्ञापालन बरं. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2010 मध्ये लिहिलं की असे काळोखे उतारे टाळू नयेत, त्यांच्या काळाच्या आणि साहित्याच्या संदर्भात समजावून सांगावेत. ते समजावणं सोमवारच्या प्रवचनात कसं बसवायचं, हे त्यात नाही.