तपकिरी रंगाची भानगड

गेले तीन दिवस मी एक पान रंगवतेय. एकच. तळहाताएवढं, एका बाजूनं कुठल्यातरी अळीनं कुरतडलेलं, कडेनं पिवळट, मधे तपकिरी आणि देठापाशी अजून बोटभर हिरवं शिल्लक असलेलं. बागेतून आत येताना बुटाच्या तळव्याला चिकटून आलं होतं, काढून टाकणारच होते पण सहज उजेडात धरलं आणि म्हटलं अरे, हे तर मस्त आहे, रंगवू या. रंगवू या म्हणायला काय जातं!

पहिली भानगड तपकिरीची. माझ्या पेटीत बारा ट्यूबा आहेत आणि त्यातली तपकिरीच नेमकी वाळून दगड झालेली. म्हटलं मिसळून करू, लाल, पिवळा आणि चिमूटभर निळा, शाळेत केलंय की आपण. तर झाला नारिंगी. अजून निळा घातला तर मळका नारिंगी. अजून घातला तर नाव न देता येण्यासारखं काहीतरी. पॅलेट आधीच जुन्या काळपट रंगांनी माखलेलं (मी पॅलेट धुत नाही, बोला काय बोलायचं ते), त्याच्यावर अर्धा तास चिखल कालवत बसले आणि शेवटी वैतागून तोच मळका नारिंगी उचलून कागदावर फासला. आणि काय गंमत, पांढऱ्याशुभ्र कागदावर तो चक्क तपकिरी दिसायला लागला! रंग तोच, ब्रश तोच, फक्त शेजार बदलला.

मग हातातलं सोडून वाचत बसले, तर म्हणे तपकिरी म्हणजे गडद नारिंगीच असतो. इंद्रधनुष्यात तो नसतो, आणि तपकिरी उजेड देणारा दिवा कधी बघितलाय का कुणी? लाल असतो, हिरवा असतो, पण तपकिरी नाही. आजूबाजूला जास्त उजळ काहीतरी असलं की आपला डोळा मंद नारिंगीला तपकिरी म्हणून टाकतो. हे वाचल्यापासून मी खिडकीतून झाडांकडे जरा संशयानंच बघतेय. आभाळ पांढुरकं असलं की ती तपकिरी, आणि संध्याकाळी ढग काळवंडले आणि खालून तिरपं ऊन पडलं की तीच झाडं पेटल्यासारखी नारिंगी.

ट्यूबमधला तपकिरी म्हणजे तरी काय, बऱ्याचदा मातीच. सिएना नावाची पिवळट माती असते, तिच्यात लोखंडाचं ऑक्साईड, म्हणजे गंजासारखंच काहीतरी, असतं, ती भाजली की त्यातलं पाणी उडून जातं आणि ती लालसर तपकिरी होते, म्हणून एका ट्यूबवर रॉ सिएना आणि दुसरीवर बर्न्ट सिएना. आता बऱ्याच कंपन्या तेच लोखंड कारखान्यात तयार करून वापरतात ते सोडा. पण नखांत अडकलेली बागेतली माती आणि पॅलेटवरचा रंग हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं, नखं घासायची राहिली त्या दिवशी.

ह्या ऋतूला मराठीत नेमकं काय म्हणायचं ह्यात माझा दरवेळी गोंधळ होतो. शरद म्हणावं तर डोळ्यापुढे टिपूर चांदणं येतं, आणि पानं गाळायचं खातं आपल्याकडे शिशिराला दिलेलं आहे. ऑटम ह्या दोघांच्या मधे कुठेतरी लटकतो. बरं त्यातही, उत्तर गोलार्धात तो २२-२३ सप्टेंबरला सुरू झाला असं धरतात तर दक्षिणेत मार्चमध्ये, म्हणजे एकाची पानं गळतात तेव्हा दुसऱ्याला पालवी फुटत असते. मी आपलं पानगळ म्हणते आणि विषय मिटवते.

तर ते पान. दुसऱ्या दिवशी सकाळी बसले तर देठापाशी जे हिरवं होतं ते गायब! काल मी मोठ्या हौसेनं तिथे कोवळा हिरवा लावून ठेवलेला, आणि आता मॉडेलनंच कपडे बदललेले. पानातला हिरवा रंग टिकाऊ नसतोच, झाड तो रोज नव्यानं बनवत असतं म्हणून टिकल्यासारखा दिसतो. दिवस लहान झाले की झाड हळूहळू ते बंद करतं, पानातला नत्र वगैरे कामाचा माल परत खोडात ओढून घेतं, आणि मग खालून पिवळा दिसायला लागतो जो उन्हाळाभर तिथेच होता पण हिरव्याच्या मागे झाकलेला. लालचं मात्र वेगळं आहे. तो आधीपासून नसतो, काही झाडं तो जाता जाता साखरेपासून नव्यानं बनवतात, त्यासाठी दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा लागतो, म्हणून एखाद्या वर्षी झाडं लालबुंद आणि एखाद्या ढगाळ वर्षी नुसतीच पिवळट. आणि हे सगळे रंग उडाले की मागे उरतो तो पानातल्या टॅनिनचा तपकिरी, चहाला जो रंग येतो त्याच जातीचा.

म्हणजे मी जे मिसळत बसले होते तो उरलेला रंग होता. बाकीचे निघून गेल्यावरचा.

पानाचा देठ भिंगाखाली धरून बघा कधी, मी तर म्हणते रंगवू नका पण हे बघाच. जिथून तो फांदीपासून सुटतो ते टोक फाटलेलं, तुटलेलं नसतं, छान गुळगुळीत बंद केलेलं असतं, पाकिटाला गोंद लावून बंद करावं तसं. झाड देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार करतं आणि पान तिथून सुटतं, फांदीच्या बाजूला जखमेवर बुचासारखी खपली धरते. वारा फक्त निमित्ताला. हे खरं वाटत नसेल तर उन्हाळ्यात मोडून वाळलेली एखादी फांदी शोधा, तिची तपकिरी पानं थंडी पडली तरी लटकलेली असतात, कारण पान सोडून द्यायचं काम जिवंत फांदीलाच जमतं. आमच्या बागेत अशी एक फांदी आहे, भर पानगळीत सगळं झाड बोडकं आणि ती एकटी पानं घट्ट धरून बसलेली, मला आधी वाटायचं तीच काय ती चिवट. आणि फांदीवर सुटलेल्या पानाच्या खुणेच्या बरोब्बर वर एक टाचणीच्या डोक्याएवढा डोळा असतो, पुढच्या वर्षीच्या फांदीचा. तो काही पान गळल्यावर येत नाही, उन्हाळ्यातच येऊन बसलेला असतो, देठाच्या काखेत. तो रंगवायचा मी प्रयत्न केला आणि त्याचा झाला एक काळा ठिपका, ब्रश जाड होता अशी आपली माझी तक्रार.

बागेत ह्या दिवसांत खरं तर फारसं काम नसतं आणि तरी दिवस कुठे जातो कळत नाही. दंताळं घेऊन पानं गोळा करायची, ढीग करायचा, लेकीनं त्यात उडी मारून तो विस्कटायचा, परत गोळा करायचा. पूर्वी मी एकूण एक पान उचलायचे, बाग कशी आरशासारखी पाहिजे. आता वाटेवरची आणि हिरवळीवरची उचलते, झाडांच्या बुंध्याशी असतील ती तशीच राहू देते, त्यांच्याखाली कोष असतात, किडे दडलेले असतात, आणि वाळलेल्या पोकळ काड्यांमध्ये तर छोट्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची पिल्लं असू शकतात, त्यामुळे काड्याही वसंतापर्यंत कापत नाही. (आळशीपणाला इतकं चांगलं कारण आयतं मिळालंय तर कोण सोडणार.)

उचललेली पानं एका मोठ्या काळ्या पिशवीत ओली करून भरायची, पिशवीला चार-सहा भोकं पाडायची आणि तोंड बांधून कोपऱ्यात ठेवून विसरून जायचं. हे नेहमीच्या कंपोस्टसारखं गरम होत नाही, इथे मुख्य काम बुरशीचं आणि बुरशीला घाई नसते, एक वर्ष तर धराच, कधी दोन. पण मग पिशवी उघडली की आत काळंभोर, भुसभुशीत, पावसानंतरच्या जंगलाचा वास येणारं काहीतरी असतं. खत म्हणून त्यात फार दम नसतो खरं तर, पण मातीत मिसळलं की पाणी धरून ठेवतं. गेल्या वर्षीची पिशवी ह्या वर्षी उघडली तर वरची पानं अजून पानंच होती, ओळखू येत होती, आणि तळाशी हात घातला तर मऊसूत काळं. वर मागचा ऋतू आणि खाली त्याची माती, दोन्ही एकाच पिशवीत. परत बांधून ठेवली.

बियांचं मात्र दरवर्षी हसं होतं. झेंडू, सूर्यफूल, कॉसमॉस, जे वाळलं असेल त्याच्या बिया चुरून कागदी पाकिटात भरते. कागदीच हवं, प्लॅस्टिकमध्ये दमट राहिल्या तर बुरशी येते. झेंडूची बी काय सुंदर असते, अर्धी काळी अर्धी फिकट, टोकाला झुबका असलेला एखादा इवलासा ब्रशच जणू. भरताना अगदी ठाम खात्री असते की हे काय लक्षातच राहील, नाव कशाला लिहायचं, आणि वसंतात समोर सात निनावी पाकिटं. ह्या वर्षी शहाणपण आलं, नावं लिहिली, त्याच मार्करनं कुंड्यांत खोचायच्या पट्ट्यांवरही लिहिली, आणि महिन्याभरात उन्हानं पट्ट्या कोऱ्या! पेन्सिलनं लिहा. साधी शाळेतली पेन्सिल, ती मार्करपेक्षा कितीतरी जास्त टिकते, ग्रॅफाईट काही उन्हानं उडत नाही. माझ्या त्या बारा ट्यूबांमधला एक झगझगीत गुलाबीही असाच, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलेल्या चित्रातून वर्षभरात पार निघून गेला आणि फुलांच्या जागी राखाडी ढेकळं उरली. बघणाऱ्यांना आता ते चित्र जास्त आवडतं, मी काही बोलत नाही.

काल दुपारी लेक शेजारी येऊन बसली, "आई, अजून तेच पान?" म्हणाली, आणि एक पान उपडं ठेवून, म्हणजे शिरा वर येतील असं, त्याच्यावर पातळ कागद ठेवून मेणाचा खडू आडवा धरून घासायला लागली. आणि कागदावर आपोआप शिरा उमटत आल्या, मधली जाड, तिच्यातून फुटणाऱ्या, त्यांच्यातून फुटणाऱ्या बारीक, अगदी अळीनं खाल्लेलं भोकसुद्धा जसंच्या तसं. तीन मिनिटं. मी तीन दिवस. वर मला म्हणते, "तुझं पण छान आहे गं, बटाट्यासारखं आहे पण छान आहे." मग आम्ही दोघींनी मिळून घासूनच वीसेक पानं केली, एकावर एक, पिवळ्यावर लाल, लालवर तपकिरी. माझा ब्रश पाण्यात तसाच राहिला आणि त्याचं टोक वाकडं झालं, ते आता सरळ व्हायचं नाही.

नवऱ्याचं म्हणणं असं की एवढा खटाटोप करण्यापेक्षा फोटो काढ. काढलाय की. मोबाईलमध्ये ह्याच पानाचे अकरा फोटो आहेत आणि एकातही मला देठाचं ते गुळगुळीत बंद टोक दिसलं नव्हतं. रंगवायला बसले म्हणून देठ बघितला, नाहीतर बुटाला लागलेलं पान कोण भिंगाखाली धरतंय.

आज तिसरा दिवस. पान पार वाळलंय, कडा आत वळल्यात, आता त्याचा आकारही माझ्या चित्रासारखा राहिला नाही, म्हणजे चित्रातलं पान आणि टेबलावरचं पान ह्यांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही. हात लागला तर एक तुकडा मोडून ओल्या रंगात पडला आणि तिथेच चिकटला. काढायला गेले तर रंग निघायला लागला म्हणून राहू दिला. सगळ्या चित्रात बरोबर तपकिरी तेवढाच आहे.

संध्याकाळी थंडी वाजायला लागली म्हणून बागेतलं जुनं जॅकेट चढवलं तर खिशात एक कंद! ट्युलिपचा. गेल्या आठवड्यात बाकीचे लावले तेव्हा हा राहून गेला असणार. ट्युलिपला फुलायच्या आधी साधारण १२ ते १६ आठवडे चांगली थंडी खावी लागते, ज्यांच्याकडे तेवढी पडत नाही ते लोक कंद फ्रिजमध्ये ठेवतात, तेही पिकणाऱ्या फळांपासून लांब, कारण फळांतून निघणाऱ्या वायूनं आतली कळी करपते. खिशात मात्र कुणी ठेवत नाही. अंधार पडायला लागला होता, दिवा आणायला कोण जाणार, खुरपं घेऊन भिंतीपाशी वीतभर खड्डा केला, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल असावा म्हणतात म्हणून अजून थोडा उकरला. टोकदार बाजू वर हवी हे माहीत आहे पण सालं निघून तो गुळगुळीत झालेला, बोटांनी चाचपडून काही समजेना कुठली वर आणि कुठली खाली. शेवटी आडवाच ठेवला. कसाही ठेवला तरी कोंब वळून वर येतो. माती लोटली, बुटानं जरा दाबली, आणि खूण म्हणून काही खोचावं तर पट्टी आत, पेन्सिल आत, बाहेर नुसती पानंच पानं.