शिखराच्या रुंदीवरून डिस्लोकेशनची घनता काढताना : माझा अनुभव

बॉल मिलमध्ये दळलेल्या तांब्याच्या भुकटीतील डिस्लोकेशनची, म्हणजे स्फटिकातील अणूंच्या रचनेत पडणाऱ्या रेषेसारख्या दोषांची, घनता क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखावरून काढण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते एका दुपारचे असेल असा माझा समज होता. आलेखातील शिखर जितके रुंद तितका कण लहान, असे सांगणारे शेररचे १९१८ सालचे सूत्र पाठ होते. ४३.३ अंशांवरील १११ शिखराची (हे आकडे स्फटिकातील अणूंच्या थरांची दिशा सांगतात) निम्म्या उंचीवरची रुंदी ०.३५ अंश भरली. अंशांचे रेडियन करायचे राहिल्यामुळे पहिले उत्तर हास्यास्पद आले, पण दुसऱ्या वेळी कणाचा आकार सुमारे २४ नॅनोमीटर मिळाला आणि त्याच्या वर्गाच्या व्यस्तावरून घनता दर चौरस मीटरला १.७ गुणिले १० चा १५ वा घात इतकी निघाली. मी समाधानाने ती वहीत लिहून ठेवली.

पण ही रुंदी एकट्या भुकटीची नव्हती. के-अल्फा १ आणि २ ही क्ष-किरणांच्या दोन जवळजवळच्या तरंगलांबींची जोडी मी आधीच वेगळी केली होती, कारण ९५ अंशांजवळ त्यांच्यात सुमारे ०.३१ अंशांचे अंतर पडते. उपकरणाची स्वतःची रुंदी मात्र मी धरलीच नव्हती. ज्याची स्वतःची रुंदी नगण्य असते असा लॅन्थॅनम हेक्झाबोराइडचा प्रमाण नमुना ठेवल्यावर ती ४३.३ अंशांजवळ ०.१२ अंश निघाली. आता ती वजा कशी करायची? वर्ग करून वजा केल्यास कणाचा आकार २६ नॅनोमीटर येतो, सरळ वजा केल्यास ३७, आणि या एका निवडीने घनता निम्म्यावर येते. माझ्या शिखरांच्या शेपट्या लांब होत्या, म्हणजे त्यांचा घाट लॉरेन्ट्झच्या लांब शेपट्यांच्या वक्राकडे झुकणारा होता, म्हणून मी सरळ वजाबाकी स्वीकारली.

शेरर सगळी रुंदी कणाच्या लहानपणावर टाकतो, तर डिस्लोकेशनमुळे अणूंच्या जाळीत येणारा ताण कोनाबरोबर वाढत जाणारी रुंदी देतो. या दोन्ही गोष्टी वेगळ्या करण्यासाठी विल्यमसन आणि हॉल यांची १९५३ सालची, शिखरांची रुंदी कोनाच्या संदर्भात मांडून रेषा ओढण्याची आलेखपद्धत घेतली, पण पाचही शिखरांचे बिंदू एका रेषेत बसेनात. २०० चा बिंदू हट्टाने वर राहिला. त्याचे कारण तांब्यातच आहे : १११ दिशेतील त्याचा ताठपणा १०० दिशेतील ताठपणाच्या जवळजवळ तिप्पट असल्याने मऊ दिशेत जाळी अधिक ताणली जाते. सगळ्यांतून एकच रेषा ओढणे मला अप्रामाणिक वाटले. १११ आणि २२२ ही एकाच दिशेची जोडी घेतल्यावर आकार ५५ नॅनोमीटर आणि ताण ०.०००८ मिळाला, आणि ०.२५६ नॅनोमीटर बर्गर्स सदिश (एका डिस्लोकेशनमुळे जाळी किती सरकते ते माप) धरून घनता सुमारे २ गुणिले १० चा १४ वा घात, म्हणजे पहिल्या उत्तराच्या आठव्या हिश्श्याइतकी, आली.

पडताळ्यासाठी तापवून सावकाश थंड केलेली तीच भुकटी तपासली. तिची शिखरे प्रमाण नमुन्याइतकीच बारीक होती आणि वजाबाकीनंतर हाती काही उरले नाही. त्या रकान्यात मी शून्य न लिहिता ‘या उपकरणाच्या मर्यादेखाली’ असे लिहिले.