हडसनचे ओढे: ग्लास ईल मोजणी, हंगामाचा मध्य

न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीच्या ओढ्यांत ग्लास ईल, म्हणजे सापासारख्या लांबट ईल माशाची पारदर्शक पिल्लं, मोजायचा हंगाम फेब्रुवारीअखेर ते मे, एवढाच. अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात जन्मलेली पिल्लं साधारण वर्षभर वाहत येतात. ओढ्याच्या तोंडाशी पोचतात तेव्हा जेमतेम ५-६ सें.मी. भरतात. अंग इतकं पारदर्शक की पांढऱ्या ट्रेमध्ये आधी दोन काळे डोळे दिसतात, मग कण्याची रेघ.

मॉप म्हणजे पिल्लांना शिरून दडायला पाण्यात ठेवलेला दोराच्या धाग्यांचा झुबका. त्यासाठी दोर पॉलिप्रॉपिलीनचाच घ्या. तो तरंगतो, त्यामुळे खाली वीट बांधली की धागे पाण्यात उभे राहतात. नायलॉन बुडतो, त्याचा लोळा होतो आणि पिल्लांना शिरायला जागा उरत नाही. १२ मि.मी. जाडीच्या दोराचे ४५ सें.मी.चे ३० तुकडे पीळ पूर्ण उकलून चकतीला बांधले की काम भागतं. नवा मॉप दोन आठवडे पाण्यात मुरू द्या. बुळबुळीत थर धरेपर्यंतचे आकडे जमेस धरू नका.

घोळ होतो तो उचलताना. मॉप पाण्याबाहेर आला की पिल्लं टपाटप गळतात, म्हणून बादली पाण्यातच त्याखाली सरकवा आणि दोन्ही एकत्र वर घ्या. काठ कोरडा पुसा. ओल्या भिंतीवरून ही पिल्लं सरसर चढून जातात.

काल ट्रे भरून, आज एकही नाही, हे नेहमीचंच. तिथी पाहा. उधाण अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी चढतं; पिल्लं भरतीबरोबर वर उठून आत येतात, ओहोटीला तळाशी दडतात. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी भरतीला, हा जोर नसतो. पण बर्फ वितळून ओढा गार पडला असेल तर उधाणही वाया जातं. पाणी १० अंश सेल्सिअसच्या आसपास येईपर्यंत पिल्लं तोंडाशीच ताटकळतात. मोठ्या पावसात गोड्या पाण्याचा वास ओढतो, लोंढा मात्र मागे ढकलतो. पाणी ओसरू लागल्यावरची रात्र चुकवू नका.

यातलं काहीही ताडून पाहायचं तर शून्य लिहायलाच हवं. नोंदीच्या कागदावरची रिकामी चौकट म्हणजे मॉप तपासला नाही, की काही मिळालं नाही? मॉप गाळात रुतला असेल तर तसं लिहा, ते शून्य नव्हे. पाण्याचं तापमान आणि भरतीची वेळ त्याच ओळीत टाका.

न्यूयॉर्क राज्यात ग्लास ईल धरायला बंदी आहे, त्यामुळे मोजणीही परवान्याखालीच, आणि मोजून झाल्याबरोबर पिल्लं सोडायची.

आता पुढच्या टप्प्यात पारदर्शक आणि तपकिरी पिल्लं वेगळी मोजायची. तपकिरी पिल्लू बहुधा काही आठवड्यांपूर्वीच आत आलेलं असतं. ते नव्या आगमनात मिसळलं, तर मे महिन्यात न आलेली लाट कागदावर उभी राहते.