ऑब्झर्वेशन डेक: वर जायला स्लॉट, खाली यायला रामभरोसे

ऑब्झर्वेशन डेक म्हणजे उंच इमारतीत वरून शहर बघायला केलेला मजला. वर जाणं अगदी मस्त झालं, क्यूआर कोड दाखवला, बॅग मशीनमधून गेली, लिफ्ट मिनिटभरात वर. व्ह्यू भारी आहेच, त्यावर काय लिहायचं. मला बोलायचंय ते खाली येण्याच्या लाईनबद्दल, कारण ते कोणीच आधी सांगत नाही.

इमारतीचं नाव घेत नाही. पण गणित बघा, वर जाताना प्रत्येक स्लॉटला ठरावीक माणसं सोडतात आणि खाली यायला स्लॉटच नाही. दुपारी चढलेलेसुद्धा सूर्यास्तासाठी तिथेच रेंगाळतात, सूर्यास्ताचं महागडं तिकीट काढलेले वेगळेच, मग सूर्य बुडाला, खालचे दिवे लागले, सेल्फी झाले की सगळी जत्रा एकदम लिफ्टकडे. त्यात डेकसाठी लिफ्ट मोजक्याच आणि त्याच लिफ्ट रात्रीच्या स्लॉटवाल्यांना वर आणतायत!

बरं ही लाईन काचेपासून लांब, आतल्या बाजूला, म्हणजे शेकडो मीटर उंचीवर उभं राहून बघायचं काय तर पुढच्याची सॅक. पट्ट्या लावून इतके वळसे केलेले की दर वळणावर वाटतं आता आलीच लिफ्ट, तर पुढे अजून एक वळण, आणि मग ते सोव्हिनिअरचं दुकान, त्याच्या मधूनच लाईन काढलेली. टेकायला एक बाकडं नाही. माझ्या पुढे एक आजोबा त्या पट्टीच्या खांबाला धरून उभे होते, खांब हलला की तेही हलायचे. जिन्याने उतरू का विचारलं तर तो फक्त इमर्जन्सीसाठी. किती वेळ लागेल विचारलं तर "जस्ट मूव्हिंग सर". कसलं मूव्हिंग! बरं लिफ्ट मिळाली तरी ती मधल्याच मजल्यावर सोडते, तिथून दुसरी लिफ्ट, तिथे परत लाईन.

तर लाईनीत घुसण्याआधी टॉयलेटला जाऊन या, मधून बाहेर पडलात की संपलं. सूर्यास्त बघायचाच असेल तर निदान दीड तास आधीचा स्लॉट घ्या, कारण तिकिटावरची वेळ खालच्या लाईनीत शिरायची असते, वर पोचायची नाही. आणि फोनमधली सूर्यास्ताची वेळ जमिनीवरची, उंचावर सूर्य थोडा उशिराच बुडतो. 2011 मध्ये दुबईच्या बुर्ज खलिफाच्या 80 च्या वरच्या मजल्यांवर रोजा 2 मिनिटं उशिरा सोडायला सांगितलं होतं, 150 च्या वर 3 मिनिटं, ते याचमुळे. सूर्य गेला की लगेच सटका, नाहीतर गर्दी ओसरेपर्यंत निवांत वरच थांबा, मधल्या वेळेत त्या लाईनीच्या वाटेला जाऊ नका.

हां, फोटोचं राहिलं. लेन्स काचेला टेकवूनच काढा आणि गडद कपडे घाला, नाहीतर शहराऐवजी तुमचाच शर्ट दिसेल. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचा 86 व्या मजल्याचा डेक उघड्यावर आहे, तिथे ही भानगड नाही, पण वारा झोंबतो. ट्रायपॉड बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. उतरताना कानात दडे जास्त बसतात, च्युइंगगम ठेवा.

बाहेर पडताना स्क्रीनवर स्मायली दाबून अनुभव कळवायला सांगतात. मी लालवाला दाबला, चांगला अंगठा रोवून.